आखूड वस्त्राचा लांब इतिहास

पॅरिस शहरातील सर्क नापोलेओं नावाच्या रंगशाळेत १२ नोव्हेंबर १८५९ रोजी ज्यूल लेओतार नामक तरुणाने एका झुल्याची दांडी सोडून, क्षणभर अंतराळात निराधार राहून, दुसऱ्या झुल्याची दांडी पकडली आणि उडत्या झुल्याचा खेळ जन्मास आला. तुलूझ येथे त्याच्या वडिलांची व्यायामशाळा होती व तिला लागूनच पोहण्याचा तलाव होता. त्या तलावावर दोऱ्या टांगून, हात सुटलाच तर पाण्यात पडू अशा हिशेबाने, वकिलीच्या पुस्तकांवरून मन उडालेल्या या मुलाने ही विद्या साध्य केली होती. झुल्यावर लटकणाऱ्याला सैल बाही ही वैरीण आणि फडफडणारा अंगरखा हा साक्षात यमदूत, हे ध्यानात घेऊन त्याने विणीच्या कापडाचा, अंगाला चिकटून बसणारा, एकसंध असा पोशाख आपल्यापुरता ठरवून घेतला. तो स्वतः त्यास फ्रेंच भाषेतील 'मायो' या साध्या नावानेच ओळखत असे. १८७० मध्ये, ऐन तारुण्यात, त्याचा अंत झाला, आणि त्यानंतर दीड दशकाने इंग्रजी भाषेने त्या वस्त्राला त्याचेच नाव देऊन टाकले. आज ज्या वस्त्रावरून मुलींचे शील, संकोच आणि सोय यांची चर्चा जगभर चालते, ते लिओटार्ड मुळात एका पुरुषाने, स्वतःच्या देहाच्या गरजेसाठी, कोणाची परवानगी न मागता पसंत केलेले वस्त्र होते, ही गोष्ट या सर्व इतिहासात प्रथम नमूद करून ठेवण्यासारखी आहे.

स्त्रियांच्या वाट्याला मात्र असा स्वयंनिर्णय सहजासहजी आला नाही. यान या जर्मन व्यायामगुरूने बर्लिनजवळच्या हासेनहाइडे येथे १८११ मध्ये उघड्या मैदानावर तरुणांकडून कसरती करवून घेण्यास आरंभ केला आणि लिंग या स्वीडिश व्यायामगुरूने दोनच वर्षांनी स्टॉकहोम येथे राजाश्रयाने व्यायामाची संस्था स्थापन केली, तेव्हा युरोपातील कुलीन स्त्री कमरेला देवमाशाच्या हाडाचा अथवा पोलादी पट्ट्यांचा आवळ घालून, पायघोळ घागऱ्याचे वजन कमरेवर तोलत, जिना चढतानाही धापा टाकीत होती. १८५१ साली अमेरिकेतील अमेलिया ब्लूमर या बाईंनी आखूड झग्याखाली तुर्की पद्धतीची सैल विजार घालण्याचा पुरस्कार आपल्या नियतकालिकातून केला, तर त्यांची एवढी टवाळी झाली की तो पोशाख रस्त्यावरून लवकरच नाहीसा झाला. त्याला आश्रय मिळाला तो मुलींच्या शाळांतील व्यायामाच्या दालनांत, म्हणजे जेथे पुरुषांची नजर पोहोचत नव्हती अशा जागी. पुढे स्वीडनहून आलेल्या मार्टिना बेरिमान-ऑस्टरबेरी या बाईंनी १८८५ मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड भागात मुलींना व्यायामशिक्षिका बनविणारे विद्यालय काढले, जे दहा वर्षांनी डार्टफर्डला गेले. आवळ घातलेल्या मुलीला लिंगपद्धतीची एकही हालचाल धडपणे करता येणार नाही हे त्यांचे मत ठाम होते. त्यांच्याच विद्यालयात १८९२ च्या सुमारास तो सुप्रसिद्ध बिनबाह्यांचा, चुण्यांचा, कमरेला पट्टा असलेला झगा रूढ झाला. मेरी टेट या विद्यार्थिनीकडे त्याच्या कल्पनेचे श्रेय दिले जाते. जी वापरणार तिनेच वस्त्र आखले, असा हा या इतिहासातील दुर्मिळ प्रसंग. गंमत अशी, की मुलींना मोकळे करण्यासाठी निघालेला हाच झगा पुढे निम्म्या जगातील शाळांचा सक्तीचा गणवेश झाला, आणि आपल्याकडच्या कॉन्व्हेंटमधील मुलींच्या दोन-तीन पिढ्या त्याच्या चुण्यांना इस्त्री करता करता जेरीस आल्या.

येथे जरा आडवाटेने घराकडे वळण्याचा मोह होतो. स्त्रीला हालचालीस मोकळीक देणारे आणि तरीही तिच्या समाजास पूर्ण सभ्य वाटणारे वस्त्र आपल्याकडे नव्हते असे नाही. कासोटा घालून नेसलेल्या नऊवारी लुगड्यात शेतातली रोपणी होत असे, घोड्यावर मांड टाकता येत असे, आणि मंगळागौरीच्या रात्री फुगडी, पिंगा नि कोंबडा घालणाऱ्या बायका पहाटेपर्यंत दमत नसत. त्यात पोटऱ्या उघड्या दिसतात याचा कोणास विषाद वाटल्याचे ऐकिवात नाही; विषाद सुरू झाला तो नंतर, गोल पातळाची शहरी चाल पडल्यावर. शील हे वस्त्राच्या लांबीत नसून पाहणाऱ्याच्या सवयीत असते, असे म्हणावयास यापेक्षा जवळचा पुरावा नको.

मल्लखांबाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्या विद्येला नवे चैतन्य दिले, त्या विद्येत एरंडेल चोळलेल्या गुळगुळीत लाकडाशी उघड्या कातडीचा थेट संबंध हीच सारी करामत असते. अढी असो, तेढी असो, बगली असो की दसरंग असो, मांडी आणि दंड यांची लाकडावरची पकड मध्ये कापड आले की सुटते. म्हणून मल्लखांबपटू लंगोट किंवा तोकडा जांघ्या घालतो, आणि त्यात त्याला निर्लज्ज म्हणण्याची कल्पनाही कोणाला शिवत नाही. मुलींचा म्हणून वाढलेल्या दोरीच्या मल्लखांबात प्रकार निराळा. तेथे पायाचा अंगठा आणि त्याशेजारचे बोट यांच्या चिमटीत दोरी धरून वर चढावयाचे आणि मग ती अंगाभोवती वेढून आसने करावयाची. नवशिक्या मुलीच्या पोटऱ्या दोरीच्या घासण्याने सोलवटून निघतात. एकाच विद्येच्या दोन साधनांवर देहाची सोय अशी परस्परविरुद्ध असते: लाकडावर कापड नको आणि दोरीवर ते बरे. तेव्हा 'खेळाची गरज' या दोन शब्दांनी पोशाखाचा वाद मिटविणाऱ्यांनी आधी कोणते साधन, कोणती हालचाल आणि कोणाची कातडी, हे सांगितले पाहिजे.

ऑलिंपिकच्या पटांगणात मुलींच्या कसरती प्रथम स्पर्धा म्हणून रुजू झाल्या त्या १९२८ साली, ॲम्स्टरडॅम येथे. तत्पूर्वी १९०८ मध्ये लंडनला डेन्मार्कच्या स्त्रियांनी प्रात्यक्षिके दाखविली होती. परंतु प्रात्यक्षिक आणि स्पर्धा यांत दर्शनी शोभा आणि दप्तरी नोंद एवढे अंतर असते. ॲम्स्टरडॅमला यजमान डच मुलींनी सुवर्णपदक पटकाविले. त्या संघातील अनेक मुली ज्यू होत्या, आणि सुमारे पंधरा वर्षांत त्यांपैकी एस्टेला आख्स्टेरिब्बे, हेलेना नॉर्डहाइम, आना पोलाक व युडिक्ये सिमोन्स या चौघी, आणि त्यांचे शिक्षक खेरिट क्लेरेकोपर, नाझींच्या मृत्युछावण्यांत मारले गेले. पोशाखाच्या इतिहासात या वाक्याला तसे प्रयोजन नाही. पण त्या संघाचे नाव घेऊन हे वाक्य गाळणे प्रस्तुत लेखकास जमले नाही. त्याच स्पर्धेत दुसरे स्थान मिळविणाऱ्या इटलीच्या संघात लुईजिना जावोत्ती ही केवळ ११ वर्षांची मुलगी होती. या खेळाला बालिकांचा ओढा असल्याची ती पहिली खूण म्हणावी लागेल. परंतु त्या खुणेचा अर्थ उमगावयास आणखी अर्धशतक जावे लागले.

कारण मधला काळ प्रौढ स्त्रियांचा होता. १९५२ साली हेलसिंकी येथे मुलींच्या वैयक्तिक स्पर्धा सुरू झाल्या. नंतर लारिसा लातिनिना हिने १९५६ ते १९६४ या तीन ऑलिंपिकांत मिळून १८ पदके जिंकली, आणि शेवटची पदके घेताना ती २९ वर्षांची, एका मुलीची आई होती. १९६८ मध्ये मेक्सिकोत विजयी झालेली चेकोस्लोव्हाकियाची व्हेरा चास्लाव्स्का २६ वर्षांची होती. या स्त्रियांची छायाचित्रे पाहिली तर अंगावर साधे, एकरंगी, पुष्कळदा लांब बाह्यांचे वस्त्र दिसते. पाय उघडे असले तरी कापडाची खालची कड सरळ आणि खाली उतरलेली. मग एका पाठोपाठ एक दोन गोष्टी घडल्या. पैकी पहिली रसायनशाळेत. अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स या रसायनज्ञाने १९५८ मध्ये रबरापेक्षा चिवट आणि हलका असा ताणला जाणारा धागा सिद्ध केला, जो पुढे लायक्रा या व्यापारी नावाने सर्वतोमुखी झाला. विणीचे सुती वा लोकरी कापड घामाने लोंबू लागे, म्हणून ते थोडे ऐसपैस आणि लांबच ठेवावे लागत असे. नवा धागा कितीही तोकडा कापला तरी आपली जागा सोडीत नसे, आणि शिवणाऱ्याची कात्री, जिला आजवर कापडाचाच धाक होता, ती मोकाट सुटली. दुसरी गोष्ट मैदानावर घडली. १९७२ मध्ये म्युनिक येथे १७ वर्षांची ओल्गा कोर्बुट आणि १९७६ मध्ये माँट्रियल येथे १४ वर्षांची नादिया कोमानेची यांनी जगाला वेड लावले. १८ जुलै १९७६ रोजी नादियाला दहापैकी दहा गुण मिळाले तेव्हा तो आकडा दाखविण्याची सोयच फलकावर नव्हती, म्हणून तेथे १.०० असे उमटले. आणि दोन्ही कुशींवरून राष्ट्रध्वजाच्या रंगांच्या रेघा गेलेला तिचा तो पांढरा पोशाख तेवढ्याने जगातील लक्षावधी मुलींच्या स्वप्नांचा गणवेश झाला. लातिनिनाच्या वयाची बाई आपल्या अंगावर काय घालावयाचे याविषयी शिक्षकाला दोन शब्द सुनावू शकते, चौदा वर्षांची मुलगी जे हाती दिले जाते ते घालते. स्पर्धकाचे किमान वय आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने १९८१ पासून १५ आणि १९९७ पासून १६ केले खरे, परंतु पोशाखाचा शिरस्ता तोवर पडून गेला होता. आणि त्यानंतरच्या दशकांत कापडाची खालची कड कमरेच्या हाडाकडे चढत गेली, त्यावर चमचमते खडे जडले गेले, आणि एका पोशाखाची किंमत मध्यम स्थितीच्या पालकास विचार करावयास लावील इतकी झाली.

आता नियमांच्या पोथीकडे वळू. टोकियोच्या ऑलिंपिकपर्यंत अमलात असलेल्या महासंघाच्या नियमावलीतील पोशाखाचे कलम वाचताना जमाबंदीच्या दप्तरातील मोजणीचा कागद वाचल्याचा भास होतो. समोरचा गळा उरोस्थीच्या निम्म्याहून खाली नको. पाठीचा गळा खांद्याच्या फऱ्यांच्या खालच्या रेषेपलीकडे नको. खांद्यावरील पट्टा किमान दोन सेंटिमीटर रुंद हवा. मांडीवरील काप कमरेच्या हाडाच्या वर जाता कामा नये. वस्त्र पारदर्शक नसावे. याचा भंग झाल्यास ०.३० गुणांची वजावट. आतल्या वस्त्राची कड डोकावली तरी मुली धास्तावतात त्या याच वजावटीपायी. ही रक्कम किरकोळ वाटेल, पण तिची किंमत आपल्याकडच्या वाचकाने अचूक जाणावी असा एक दाखला आहे. १४ ऑगस्ट २०१६ रोजी रिओ येथे आगरताळ्याच्या दीपा कर्माकर हिने प्रोदुनोव्हा नावाची ती जीवघेणी उडी मारून १५.०६६ गुण मिळविले आणि ती चौथी आली. कांस्यपदक तिच्यापासून ०.१५० गुणांवर होते. म्हणजे एका डोकावणाऱ्या पट्टीचा दंड हा भारताच्या हुकलेल्या पदकाच्या दुप्पट. याच दीपाने आपल्या पहिल्या स्पर्धेत पायात काही न घालता, कोणाकडून तरी मागून आणलेला, अंगाला ढगळ होणारा कॉस्च्यूम घालून भाग घेतला होता, हे तिनेच पुढे सांगितले आहे. तोकडे की पूर्ण, या युरोपीय वादाच्याही अलीकडे आपल्या मुलींचा एक प्रश्न उभा असतो, तो म्हणजे स्वतःच्या मापाचे वस्त्र मिळण्याचा.

पुरुषांसाठी महासंघाची नियमावली काय सांगते, हेही पाहावे. पॉमेल हॉर्स, रिंग्ज, पॅरलल बार आणि हॉरिझॉन्टल बार या चार साधनांवर पुरुषाला लांब पाटलोण आणि मोजे सक्तीचे. फक्त फ्लोअर व व्हॉल्टवर आखूड चड्डीची मुभा. मुलीच्या पायाची रेषा पंचाला नीट दिसली पाहिजे, गुडघा वाकला की नाही हे कापडामुळे झाकले जाता कामा नये, असे उघड्या पायांचे समर्थन केले जाते. मग रिंग्जवर लटकणाऱ्या पुरुषाचा गुडघा पाटलोणीतून दिसतो कसा, याचे उत्तर मिळत नाही. सरळ, ताठ बसलेल्या कापडातून रेषा दिसते, हेच त्याचे उत्तर आहे, आणि ते मुलींनाही लागू पडते. दुसरे कारण मात्र खरे आहे. हवेत गुंडाळी घेताना हातांनी नडगी पकडावी लागते. तेथे गुळगुळीत कापड असले तर हात घसरतो असे अनेक मुली स्वतःच सांगतात. ज्यांना उघडे पाय सोयीचे वाटतात त्यांची ती सोय खोटी ठरविण्याचा अधिकार कोणास नाही.

परंतु सोयीचा हिशेब एवढ्यावर संपत नाही. आठवड्यातून कित्येक तास सराव करणाऱ्या मुलीच्या महिन्याच्या चार दिवसांचे काय, हा प्रश्न या खेळाच्या कारभाऱ्यांनी दशकानुदशके ऐकलाच नाही, कारण तो विचारणाऱ्याच लाजत होत्या. विम्बल्डनसारख्या सोवळ्या स्पर्धेनेसुद्धा २०२३ पासून पांढऱ्या पोशाखाखाली गडद रंगाची आखूड विजार घालण्यास स्त्रियांना परवानगी दिली ती याच कारणास्तव. दूरवरून टिपणाऱ्या भिंगांचे कॅमेरे आणि ती छायाचित्रे क्षणात सर्वत्र पोहोचविणारी साधने आली, तशी आणखी एक धास्ती वाढली. आणि जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या न्यायालयात दीडशेहून अधिक मुलींनी व स्त्रियांनी त्यांच्या राष्ट्रीय संघाच्या वैद्याने केलेल्या लैंगिक अत्याचारांविषयी एकामागून एक उभे राहून जबान्या दिल्या, तेव्हा या खेळात मुलीचा देह किती सहजपणे दुसऱ्यांच्या हवाली केला जात होता हे जगाने ऐकले. तो गुन्हा आखूड पोशाखामुळे घडला असे म्हणणे हा त्या मुलींवर दुसरा अन्याय होय. पण जेथे मुलीला 'नको' म्हणण्याची सवयच लागू दिली जात नाही तेथे वस्त्राविषयीचे 'नको' तरी तिच्या तोंडून कसे निघावे?

मात्र शीलाच्या नावाने होणारी सक्ती ही काही कमी जाचक नाही. जून २०१५ मध्ये सिंगापूर येथील आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धांत मलेशियाच्या फराह ॲन अब्दुल हादी हिने दोन सुवर्णांसह सहा पदके मिळविली, आणि तिच्या देशातील काही धर्ममार्तंडांना पदकांऐवजी तिचे पाय दिसले. तिने आपला पोशाख बदलला नाही, आणि देशातील पुष्कळ लोक तिच्या बाजूने उभे राहिले. पाय झाकण्याची अट घालणारे आणि ते उघडे ठेवण्याचा शिरस्ता चालविणारे हे परस्परांचे शत्रू दिसत असले तरी मुलीला विचारावयाचे नाही, या एका बाबीवर त्यांचे एकमत असते.

आणि या सगळ्यात आश्चर्याची गोष्ट ही, की पाय झाकण्याची मुभा नियमावलीत होतीच. पोशाखाच्याच रंगाचे, कंबरेपासून घोट्यापर्यंतचे आवरण घालता येईल, असे त्या कलमात स्पष्ट लिहिलेले होते. धार्मिक कारणास्तव काही मोजक्या मुलींनी त्याचा लाभ घेतला. बाकीच्यांपैकी कोणी त्या ओळीकडे फिरकले नाही. सनदेत हक्क असतो आणि गावात वहिवाट असते, आणि वहिवाट मोडणाऱ्या पहिल्या माणसाला सनद दाखवूनही गावाच्या नजरा सोसाव्या लागतात, हे आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या वतनदाराने सांगितले असते. पंचाच्या मनात नकळत किंतु आला तर, अशी भीती प्रत्येकीला होती. आणि ज्या खेळात निर्णय डोळ्यांनी होतो तेथे ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

ती वहिवाट एप्रिल २०२१ मध्ये बाझेल येथील युरोपीय स्पर्धेत मोडली. जर्मनीची २१ वर्षांची सारा फोस मनगटापासून घोट्यापर्यंतचा पोशाख घालून उतरली, आणि तिच्यामागोमाग किम बुई व एलिझाबेथ झाइट्स याही. या खेळातील मुलींकडे कामुक दृष्टीने पाहिले जाते त्याविरुद्ध हे पाऊल आहे, असे जर्मन महासंघाने जाहीर केले. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात समुद्रकिनाऱ्यावरील हँडबॉलच्या युरोपीय स्पर्धेत नॉर्वेच्या मुलींनी बिकिनीऐवजी आखूड चड्डी घातली म्हणून त्यांच्या संघाला १,५०० युरो दंड झाला. एकीकडे झाकण्याची मुभा असून कोणी झाकीत नव्हते, दुसरीकडे झाकले म्हणून दंड. आणि तो दंड इतका हास्यास्पद ठरला की पुढच्या वर्षीच्या प्रारंभापासून तो नियमच बदलावा लागला. घरगुती स्पर्धांत खेळणाऱ्या सामान्य मुलींपर्यंत हे वारे पोहोचावयास आणखी वेळ लागला. न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघटनेने लिओटार्डवर आखूड चड्डी अथवा लेगिंग घालण्यास आणि आतले वस्त्र दिसल्याचा दंड रद्द करण्यास २०२४ मध्ये मान्यता दिली.

२५ जुलै २०२१ रोजी टोकियोच्या आरिआके सभागृहात मुलींच्या पात्रता फेऱ्या झाल्या. त्या एका दिवसात त्या एका छपराखाली ४६ वर्षांची उझबेकिस्तानची ओक्साना चुसोव्हितिना होती, मलेशियाची फराह ॲन होती, बंगालच्या मेदिनीपूर भागातली आपली प्रणती नायक होती, आणि लाल-पांढऱ्या रंगाचा, घोट्यापर्यंतचा पोशाख केलेल्या फोस, झाइट्स, बुई व पाउलिने शेफर-बेट्झ या चार जर्मन मुली होत्या. यापुढे आखूड पोशाख घालणारच नाही असे आपण म्हणत नाही, त्या त्या दिवशी अंगाला जे बरे वाटेल ते घालू, असे झाइट्सने आधीच सांगून ठेवले होते. चौघी आपापल्या साधनांवर चढल्या, उतरल्या, पंचांनी गुण दिले. पोशाखापोटी वजावट काही झाली नाही. पहिले आठ संघ अंतिम फेरीत जातात. जर्मनी नववी आली.